सहा ग्लास आणि एक मत

दिंडोरी, सोमवार

प्रिय माय,

जय भीम. तू फोन उचलत नाही, म्हणून पत्र. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर ते आधी बाबांच्या हाती पडलं असतं, आणि तुझा चेहरा पाहून त्यांनी ते शर्टाच्या खिशातच राहू दिलं असतं. बाबांना तू ओळखतेच. म्हणून सरळ तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलं तरी लेकरांसमोर तू ते फाडून फेकणार नाही, एवढा भरवसा आहे.

मी बरी आहे. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी द्राक्षांच्या मळ्यांवर धुकं असतं आणि बागवाले चिंतेत असतात. जेवण खोलीवर स्वतःच करते. ज्वारीची भाकर मात्र अजून तुझ्यासारखी फुगत नाही, कडेला चिरते. बाबा रविवारी फोन करतात. डेपोत कोणत्या एसटीचं काय बिघडलं, नवीन गाड्यांचे पार्ट कसे हलके येतात, सगळं सांगतात. तुझं विचारलं की म्हणतात, "तुही माय घरी असते कुठं? सांज झाली का निघते. बाया गोळा करून राहिली." कशासाठी, असं विचारलं की त्यांना एकदम दुसरं काम आठवतं. गुडघ्याला तेल लावते की नाही, तेवढं मात्र त्यांच्याकडून निरोपाने कळव. गावभर फिरायचं तर गुडघा धड पाहिजे.

आपलं बोलणं ज्या फोनवर बंद झालं, तो मी विसरलेली नाही. मी कुठे काम करते हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोकरी लागली तेव्हाच सांगितलं होतं, की कंपनी वाईन बनवते, व्हिस्कीही बनवते, आणि मी प्रयोगशाळेत आहे. तू म्हणाली, "नळीत पाहाचंच काम हाये ना? मंग ठीक हाये." तेवढ्यावर आपलं चाललं होतं. पण गेल्या वर्षी मला चव घेणाऱ्यांच्या गटात घेतलं. एवढ्या मोठ्या कंपनीत अशी मोजकीच माणसं असतात आणि त्यात बाई मी एकटी. मी आनंदाने तुला फोन केला. तू पहिलं काय विचारलं आठवतं? "तोंडात घ्या लागते का?" मी म्हटलं, हो, पण गिळत नाही, थुंकून टाकते. तू म्हणाली, "थुकली तरी तोंडात गेलीच ना. तुहा मामाबी पयले चवच पाह्याले गेलता." आणि फोन ठेवला.

त्यावरचं माझं बोलणं राहूनच गेलं. आज बोलते.

तुला वाटतं हे खूळ मला अमरावतीला कॉलेजात लागलं. तसं नाही माय. हे तुझ्याकडूनच आलं. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा तुम्ही गावातल्या हातभट्ट्या मोडायला निघायच्या. तू, मैना मावशी आणि पार्बताबाई. कोणाला आधी सांगितलं की भट्टीवाल्यांना खबर लागायची, म्हणून तुम्ही गुपचूप जायच्या, आणि घरी मला सांभाळायला कोणी नाही म्हणून मी तुझा पदर धरून मागे. नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांतून चालता चालता तू मध्येच उभी राहायची. नाक वर करायची. मैना मावशी म्हणायची, "इथं तं काईच नाई, जमुना." तू म्हणायची, "थांब." मग तू सांगशील तिथली रेती उकरायची, आणि खालून पत्र्याचा डबा निघायचा. आत मोहाचा सडवा, आंबलेला, बुडबुडे सोडणारा. तुम्ही तो नाल्यात ओतायच्या.

एकदा तू मला विचारलं, "तुले येते का वास?" मी डोळे मिटले. आधी चिखल आला, मग बेशरमाचं चुरगाळलेलं पान, आणि त्याच्या खालून काहीतरी गोड, जरासं कुजकं, भिजवून विसरलेल्या पिठासारखं. मी बोट दाखवलं. तिथेच निघालं. तू हसली नाही, माझी पाठ थोपटली नाही. फक्त मैना मावशीला म्हणाली, "पोरीचं नाक माह्यावर गेलं." त्या नाकावर मी आज पोट भरते आहे.

आता मी नेमकं काय करते ते ऐक. पूर्ण ऐक, मग रागव.

तिकडे स्कॉटलंड म्हणून देश आहे. तिथे एकाच कारखान्यात, निव्वळ जवापासून जी व्हिस्की बनवतात तिला सिंगल माल्ट म्हणतात. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरी असते. तू मोडलेल्या हातभट्ट्यांतल्या दारूहून वासाला फार वेगळी नसते. मग तिला ओकच्या लाकडी पिपात भरून वर्षानुवर्षं मुरवतात. रंग, गोडवा, वास, बहुतेक सगळं त्या लाकडातून येतं. आणि त्या पिपात आधी वाईन असली, तर लाकडाने शोषून घेतलेली वाईन हळूहळू व्हिस्कीत उतरते. आपल्या लोणच्याच्या बरणीत पुढे काहीही भरलं तरी त्याला मोहरीचा वास लागतो, तसंच. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने आपली वाईनची रिकामी पिपं तिकडच्या एका कारखान्याला दिली होती. त्यांनी आपली मुरलेली व्हिस्की त्यात भरून ठेवली. गेल्या महिन्यात तिचा नमुना आला, आणि सोबत तुलनेसाठी दुसऱ्या देशांतल्या वाईनच्या पिपांतले नमुने. आमचा नमुना त्यांच्या पंक्तीला बसला, तर तो कारखाना दरवर्षी आमची पिपं घेणार होता. आमचे साहेब, अनुप सर, या दिवसाची किती वाट पाहत होते ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांनीच ती पिपं निवडून पाठवली होती.

नमुन्यांबरोबर तिकडची चव घेणारी बाई आली. मॉरीन तिचं नाव. वयाने तुझ्याएवढी, ठेंगणी, सगळे केस पांढरे, आणि बोलायला तुझ्यासारखीच फटकळ. पांढऱ्या टेबलावर प्रत्येकासमोर सहा ग्लास ठेवले होते, पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते, वर काचेची झाकणं. कोणत्या ग्लासात कोणत्या पिपातली व्हिस्की आहे हे फक्त तिला माहीत. शेजारी पाणी आणि थुंकायचं भांडं. सकाळपासून चहा नाही, अंगाला वासाचं तेल नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. झाकण काढायचं, हुंगायचं, घोटभर तोंडात फिरवायचं, थुंकायचं, थेंबभर पाणी घालून पुन्हा तेच. मग काय सापडलं ते सांगायचं.

मी पुस्तकातले शब्द सांगायला लागले. व्हॅनिला, ब्लॅकबेरी, अंजिराचा मुरंबा. मॉरीनने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, "हे पुस्तक मीही वाचलंय. यातली अर्धी फळं तू खाल्ली तरी आहेस का? तुझ्या घरात काय होतं त्यात सांग, मी समजून घेईन."

माझ्या घरात काय होतं? मला आधी लाजच वाटली. मग मी पुन्हा पहिल्या ग्लासापासून सुरू केलं. पहिला ग्लास म्हणजे खारीक, जुनी काळी चिंच, आणि तू बाळंतिणीच्या लाडवांत घालते ती गोडंबी. ते शेरी नावाच्या वाईनचं पीप निघालं. दुसऱ्यात बोरकूट होतं, शाळेच्या दारात पुडीत मिळायचं तस्संच, आंबटगोड, घशाशी थोडं धुळकट. ते पोर्ट वाईनचं. तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि हात थांबला. मध होता, पिकलेलं सीताफळ होतं, आणि त्यांच्यामागे मोहाचं फूल. सडवा नाही माय, फूल. चिखलदऱ्याला सहलीला गेलो होतो तेव्हा झाडाखाली पडलेलं एक फूल मी उचललं होतं आणि तू माझ्या हातावर चापट मारून ते टाकायला लावलं होतं, तेच. फ्रान्समधल्या कुठल्याशा गोड पांढऱ्या वाईनचं पीप होतं ते. चौथी व्हिस्की समुद्राकाठच्या कारखान्यातली, लाल वाईनच्या पिपातली. बाकीचे म्हणाले, द्राक्षाची साल, मिरी. मी म्हटलं, मीठ. आमच्यातला एक जण हसला. पण आपण खारपाणपट्ट्यातली माणसं, हापशाचं पाणी पिऊन वाढलेली. पाण्यात मीठ किती आहे हे आपल्याला जीभ लावल्याबरोबर कळतं. मॉरीन म्हणाली, "बरोबर. तिथे गोदामाच्या भिंतीवर लाटा आपटतात."

आता पाचवा ग्लास.

त्यात पोर्तुगालकडच्या एका बेटावरच्या वाईनचं पीप होतं. बेटाचं नावच मदिरा, त्याला मी काय करू. तिथे ती वाईन मुद्दाम उष्णतेत ठेवून तापवतात. हे मला नंतर कळलं. झाकण काढलं तेव्हा मला आलं ते संत्र्याची तापलेली साल, करपायला आलेली साखर आणि गरम लोखंडाखालचं ओलं सुती कापड. क्षणभर मी दिंडोरीत नव्हतेच. मी अमरावतीला, राजकमल चौकामागच्या देवमन मामाच्या शिवणाच्या दुकानात उभी होते.

तुला माहीत आहे का, मी दर शनिवारी होस्टेलवरून त्याच्याकडे जायची? वरूडकडचं कोणी गिऱ्हाईक आलं की त्याला पिशवीभर संत्री देऊन जायचं. मामा संत्रं सोलून मला द्यायचा आणि साली कोळशाच्या इस्त्रीच्या झाकणावर ठेवायचा. सगळं दुकान वासाने भरून जायचं. कापडावर पाणी शिंपडून तो इस्त्री फिरवायचा आणि म्हणायचा, "पायल, लोकाईले वाटते मी कपडे चांगले शिवतो. मी काई नाई करत, माह्या दुकानाचा वास त्याईले आवडते." माझा पहिला चांगला ड्रेस त्याने शिवला. शेवटच्या वर्षी त्याच्याने सुईत दोरा ओवला जात नव्हता. मी ओवून द्यायची. त्याचे हात पाहून मला रडू यायचं, तर म्हणायचा, "मी नाई हालून राहिलो, मशीन हालून राहिली." मग इर्विन दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात तू भिंतीला टेकून बसलेली, हातात त्याचा टॉवेल. आतून डॉक्टर आले तेव्हा तू उठली नाही. मीच उठले.

त्यानंतर त्याचं नाव तू फक्त धाक घालायला घेतलं. गावातल्या पोरांना, मला, कोणालाही. "मामासारखं होईन." जणू मामा म्हणजे ते शेवटचं वर्षच. माय, तो त्याच्याआधी पुष्कळ वर्षं चांगला जगला होता. तुझा लहान भाऊ होता. मला शनिवारचा मामा हवा होता आणि तो मला त्या ग्लासात भेटला. ज्या दारूने त्याला नेलं तिच्यातच भेटला, हे ऐकून तुला काय होईल ते मला कळतं. मलाही तेच झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मॉरीनने नॅपकिन पुढे सरकवला आणि म्हणाली, "नाक कोरडं होऊ दे, घाई नाही. एक ग्लास राहिलाय."

तो राहिलेला ग्लास आमचा होता. कोणी सांगितलं नव्हतं, पण रंग पाहून अनुप सरांना कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. वास चांगला होता, डाळिंब, वाळलेलं जांभूळ. आणि त्यांच्या खाली, अगदी तळाशी, विझलेल्या आगकाडीचा. मी पुन्हा हुंगलं. पाणी घालून हुंगलं. तोंडात फिरवून थुंकलं, तेव्हा जिभेच्या मागे रबर जळल्यासारखं काहीतरी राहिलं. बाकीच्यांनी एकेक करून सांगितलं. हलका धूर आहे. छान धूर आहे. अनुप सर म्हणाले, "शेकोटीचा धूर. मला आवडला." माझी पाळी शेवटी होती. तेवढ्यात मॉरीनने थोडा वेळ विश्रांती घ्यायला सांगितली.

बाहेर व्हरांड्यात अनुप सर माझ्याजवळ आले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. मला या गटात त्यांनीच आणलं. हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या मी. काय लागलं?" मी म्हटलं, "गंधक, सर." ते म्हणाले, "धूर म्हण. धूर म्हणजे काही खोटं नाही." मी म्हटलं, "धूर लाकडाचा असतो. ही काडी आहे." त्यांनी दारातून आत टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पायल, सगळ्यांनी धूर म्हटलंय. तू एकटी वेगळं बोललीस तर लोक पीप खराब आहे असं म्हणणार नाहीत. तुझं नाक खराब आहे म्हणतील. आत्ताच रडलीस सगळ्यांसमोर. नीट विचार कर."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. या टेबलावरून उठवलं तर पुन्हा नळ्या धुवाव्या लागतील, हे डोक्यात आलं. आणि आत जाऊन मी म्हटलं, "सहाव्या ग्लासात गंधक आहे. पीप रिकामं असताना त्यात गंधकाची वात जास्त जाळली असावी. बाकी व्हिस्की चांगली आहे, पण हे असं बाहेर जाऊ नये." आमच्यातला एक जण म्हणाला, बहुतेक पायल थकली असेल. मी म्हटलं, "थकलेली नाही. शंका असेल तर तपासून घ्या. मी थांबते."

तपासलं. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत माझ्याशी कॅन्टीनमध्ये कोणी धड बोललं नाही. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि गंधक निघालं. रिकामी पिपं कुजू नयेत म्हणून त्यात गंधकाची वात जाळतात. पावसाळ्यात काही पिपं बरेच दिवस पडून होती, त्यांत कोणी तरी पुन्हा पुन्हा जाळली होती आणि पाठवण्याआधी ती नीट धुतली गेली नव्हती. मॉरीनला हे तिकडेच कळलं होतं. इथे कोणाला कळतं, आणि कळलं तर कोण बोलतं, हे पाहायला ती आली होती. तसं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. पिपं घेणं तिने बंद केलं नाही. फक्त म्हणाली, इथून पुढे एकही पीप या मुलीने हुंगल्याशिवाय जहाजावर चढणार नाही. अनुप सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एक दिवस पिपांच्या गोदामाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, "मला खरंच धूरच लागला होता गं." मला वाटतं, त्यांना तो लागावा असं फार वाटत होतं.

उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी मी स्कॉटलंडला जाते आहे, मॉरीनच्या हाताखाली शिकायला. मी हो म्हटलं आहे. तुला विचारून नाही, सांगून जाते आहे.

आता दुसरं. यंदा बुद्ध पौर्णिमेला, आपलं बोलणं बंद असतानाही, मी घरी आले होते. विहारात तुझ्या शेजारी बसले होते. चार शीलं म्हणून झाली आणि पाचव्याच्या आधी तू माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. गप्प राहा, असं. मी गप्प राहिले. सगळा विहार दारू न पिण्याचं शील म्हणत होता आणि मी समोरच्या मेणबत्तीकडे पाहत होते. घरी आल्यावर तू वरण वाढलं, मी जेवले आणि निघाले. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं असं नाही. पण तुला हे कळलं पाहिजे, की आजवर माझ्या घशाखाली एक थेंब गेलेला नाही. ऑफिसच्या पार्टीत नाही, मॉरीनने निरोपाला ग्लास पुढे केला तेव्हाही नाही. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आईने गावातल्या भट्ट्या मोडल्या आहेत." ती म्हणाली, "मग तुझं नाक कुठून आलं ते कळलं."

मी तुझ्याशी असा वाद घालणार नाही, की आमची दारू महाग असते म्हणून ती दारू नसते. दारूच असते. आमची बाटली ज्या घरात जाते तिथेही एखादी बाई दाराची कडी लावून बसत असेल, हे मला माहीत आहे. रोज ते मनात घेऊनच कामावर जाते. पण वास ओळखणं हे मला येतं, मनापासून आवडतं, आणि ते करताना मी कोणाला फसवत नाही. ते मी सोडणार नाही. तू मला घरात घेतलं नाही तरी सोडणार नाही. हे तुला आवडणार नाही, आणि तरी तुला समजेल, कारण आपल्या घरात एकदा ठरवलं की न बदलणारी मी पहिली बाई नाही.

आणि हे सगळं आजच का लिहायला बसले, ते सांगते. काल बाबांच्या तोंडून शेवटी निघालं. अंगणवाडीला लागून जे देशी दारूचं दुकान आलं आहे, ते उठवायला तू गावातल्या बायांच्या सह्या जमवल्या, आणि येत्या रविवारी मतदान आहे. गावातल्या यादीतल्या बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर शिक्का मारला तरच दुकान उठेल. जी येणार नाही ती आपोआप दुकानाच्याच बाजूला धरली जाईल. म्हणून तू मैना मावशीच्या लेकीला, आरतीला, सुरतेहून बोलावलं, पार्बताबाईची सून वरूडला संत्र्याच्या पॅकिंगवर आहे तिला बोलावलं, बाळंतीण असलेल्या प्राजक्तासाठी रिक्षा ठरवली. मला बोलावलं नाही. यादीत माझं नाव अजून आपल्या गावातच आहे, तुझ्या नावाखालीच आहे. ते वाचताना तुझं बोट तिथे थांबलं असेल की पुढे गेलं असेल, हे मी बाबांना विचारलं नाही. सकाळी मी सुट्टीचा अर्ज दिला. कारणाच्या जागी लिहिलं, गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान. अनुप सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "आपण काय विकतो, लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "लक्षात आहे सर." त्यांनी सही केली. शनिवारी मी अकोल्याला उतरते, संध्याकाळच्या एसटीने गावात येते. आडव्या बाटलीवर शिक्का मारीन आणि मंगळवारी परत इथे कामाला लागेन. दोन्ही मीच करीन. रांगेत मी तुझ्या मागेच उभी राहणार आहे. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू. पण नवीन आलेल्या सुना मला ओळखत नाहीत. त्यांनी विचारलं, ही कोण, तर मी तोंड उघडणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

तुझीच, पण स्वतःच्या मताची,
पायल